साहेबांशी हरण्याची रीत

संघपाल बैसाणेला कोणी फुकट चहा पाजला, तर तो आधी कप खाली ठेवायचा आणि पाजणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचा. दुधाने पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. याला दूध कधी पोळलंच नव्हतं. हा जन्मतःच फुंकत आला होता.

लग्नाच्या वेळची गोष्ट घ्या. सविता नर्स, दिसायला छान, घरचे सरळ, आणि सासऱ्याने पहिल्याच बैठकीत होकार दिला. दुसरा कोणी असता तर पेढे वाटत सुटला असता. संघपाल मात्र महिनाभर त्यांच्या गावात कोणाकोणाला विचारत हिंडला, की इतक्या लवकर हो म्हणाले ते का? पोरीत काही खोट आहे का? हे सविताच्या कानावर गेलं, लग्नानंतर गेलं म्हणून बरं. आजही भांडण झालं की ती ते काढते. "माले देखाले गावभर हिंडनात, आनि मी तुम्हले न देखता हो म्हणनू," म्हणते.

नोकरीही त्याला स्वभावाला शोभेल अशीच मिळाली. गुरांच्या दवाखान्यात. लस टोचायची, ताप बघायचा, अडलेली गाय मोकळी करायची. गाय कधी लाथ मारेल याचा नेम नसतो, त्यामुळे तिथे संशयी माणूसच टिकतो. नवी पोरं गायीपासून हातभर लांब उभी राहतात आणि नेमकी तिथेच सणसणीत लाथ खातात. संघपाल तिच्या मांडीला अंग चिकटवून उभा राहायचा. इतक्या जवळून लाथेला जोर येत नाही.

बुद्धिबळही तो असंच खेळायचा, चिकटून. शिकवलं होतं त्याच्या बापाने, आधारबाबांनी, विहाराच्या ओट्यावर. तो खेळ आपला जुना, देशी. त्यात राजाला एका चालीत हत्तीआड नेणारा किल्लेकोट नसतो. त्याऐवजी राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते, पण कधी? जोवर त्याला शह लागला नाही तोवर. एकदा शह लागला की उडी गेली. म्हणून ओट्यावर बसणारा जो तो डाव मांडला की शह द्यायला धावायचा. उंट गेला तरी चालेल, घोडा गेला तरी चालेल, पण आधी राजाची उडी मोडा! आरडाओरडा काय, मांड्या थोपटणं काय. आधारबाबा एकटेच शांत बसायचे. समोरच्याने फुकट सोंगटी पुढे केली की ते तिलाच विचारायचे, "कसाले उनी व माय?" कशाला आलीस गं बाई, म्हणून. मग दहा वेळा चहूकडे बघायचे, आणि काही सापडलं नाही तर खाऊन टाकायचे. अंगावर येणारा दमला की हळूच वजिराला वजीर भिडवायचे. वजीर गेले की ओरडणाऱ्यांचा आवाजही जायचा. संघपालने बापाकडून हे सगळं घेतलं. फक्त एक राहिलं. बाप दहा वेळा बघून शेवटी खायचा. हा दहा वेळा बघायचा आणि अकराव्यांदा बघायला बसायचा.

तर असा हा माणूस पिंपळनेरच्याही पुढे डोंगराकडेच्या एका गावात नोकरीला, आणि बायको धुळ्यात. पोरगी स्नेहल चालायला शिकत होती तेव्हा तो तिकडे गेला. आता ती चौथीत आहे. शनिवारी संध्याकाळी यष्टीने यायचं, सोमवारी पहाटेच्या गाडीने जायचं. सविताला रात्रपाळी आली की पोरगी शेजारच्या मंदाबाईंकडे झोपायची. एकदा तिला ताप भरला, तर मंदाबाईंनीच रिक्षा केली आणि दवाखान्यात नेलं. संघपालला दुसऱ्या दिवशी कळलं, कारण डोंगरात रेंज नव्हती. त्या दिवशी तो गोठ्यात एका म्हशीच्या आड उभा राहून रडला. त्याला धुळ्याजवळ बदली हवी होती. बाकी आयुष्यात त्याचं काहीच मागणं नव्हतं.

मग मागायची ना! पण तिथेच तर घोडं पेंड खात होतं. पहिल्या वर्षी त्याने रीतसर अर्ज केला. उत्तर आलं नाही. उत्तर आलं नाही म्हणजे काय? कोणीतरी दाबला. का दाबला? आपल्यावर कोणाचा तरी डोळा आहे. मग पुन्हा मागितलं तर? तर आपण नजरेत येऊ, आणि नजरेत आलेल्याला आणखी आत फेकतात. असं त्याने मनातल्या मनात रचलं आणि गप्प बसला. दर दिवाळीला सविता म्हणायची, "एकदाव साहेबले तोंडावर ईचारी तं देखा." दर दिवाळीला तो म्हणायचा, "तुला आतलं कळत नाही."

धुळ्याला लागून फागण्याच्या दवाखान्यात तर जागा रिकामी पडली होती. अख्ख्या खात्याला ठाऊक होतं. पण कोणी मागत नव्हतं, कारण अख्ख्या खात्याला हेही ठाऊक होतं की ती जागा साहेबांनी आपल्या माणसासाठी राखून ठेवलीय.

साहेब म्हणजे खात्याचे जिल्ह्यातले प्रमुख, रुपचंद भंगाळे. यावलकडचे, केळीवाल्यांच्या घरातले, आवाज असा की बोलले तरी दटावल्यासारखं वाटावं. खात्याच्या हिवाळी स्पर्धा व्हायच्या. कबड्डी, रस्सीखेच, बायकांची संगीत खुर्ची, आणि बुद्धिबळ, तेही नव्या, किल्लेकोटवाल्या नियमांनी. बुद्धिबळाचा कप दरसाल साहेबांना. तोही रडतखडत नाही. विसाव्या चालीच्या आत समोरच्याचा चेंदामेंदा! 'साहेबांचा हल्ला' म्हणून तो जिल्हाभर प्रसिद्ध होता. उंट काय फेकतात, हत्ती काय फेकतात, आणि समोरचा डोकं धरून बसतो. कार्यालयातल्या कपाटावर कप मांडून ठेवायला जागा उरली नव्हती.

यंदा डिसेंबरात जीवराम नानांचा फोन आला. नाना म्हणजे मुख्य कार्यालयातले जुने कारकून, निवृत्तीला टेकलेले. "संघपालभाऊ, बुद्धिबळात नाव दे भो. साहेबांसमोर बस. ओळख होईल, मग बदलीचं बोलता येईल."

संघपालचे कान टवकारले. नानांना आपली इतकी काळजी कधीपासून? "तुम्हाला काय मिळेल त्यात, नाना?"

"माले काय मिळणार? गंडेरी?" नाना चिडले. "फायनलला माणूस लागतो दरवर्षी. बठ्ठे पळतात, एकही टिकत नाही. तू खेळशील बरा, म्हणून म्हणलं. आणि ऐक, फायनलला हरायचं. पण नीट. दहा चालींत हरू नको, साहेबांना बरं वाटत नाही. थोडा झगड, मग हर."

संघपालने तो फोन तीन दिवस मनात उलटापालटा करून बघितला. नाना खरंच मदत करताहेत की कोणाच्या तरी सांगण्यावरून आपल्याला पुढे ढकलताहेत? शेवटी सविताला विचारलं. ती भाकरी थापत होती. "मंग हारी जा ना गुपचूप. तुमनं काय जास? जिकीसन काय तुम्हले राष्ट्रपती पदक देणार शेत का?" ती म्हणाली. "पोर आठवडाभर तुमनी वाट देखस. हारा, आनि घर या."

हे मात्र त्याला पटलं. हरायचं ठरलं.

स्पर्धेच्या दिवशी पहिल्या फेरीतच त्याला घाम फुटला. समोर शिरपूरकडचा एक गडी. चांगला डाव चाललेला, आणि त्याने वजीरच उघड्यावर सोडला! संघपालने पाव तास त्या वजिराकडे बघितलं. याच्यामागे काय आहे? काही सापडेना. शेवटी घाबरत घाबरत खाल्ला, तर गडी हसत उठला, हात मिळवला आणि कबड्डी बघायला पळाला. दुसऱ्या फेरीत तेच. उपांत्य फेरीतल्या साक्रीच्या नवल पवारने तर आपली चाल न खेळता घड्याळच चालू दिलं आणि बाहेर जाऊन शेंगदाणे खात उभा राहिला. संघपालला वाटलं, हे सगळे मिळालेले आहेत, मला मुद्दाम पुढे पाठवताहेत. आणि गंमत बघा, हा एक संशय अगदी खरा होता! साहेबांसमोर बसायचं कोणालाच नव्हतं. जो तो आधीच्याच फेरीत हरायला टपलेला.

जेवणात भरीत आणि कळण्याची भाकरी होती. संघपालला एक घास गेला नाही.

दुपारी फायनल. सभागृहात मधोमध टेबल, हिरवं कापड, पाण्याच्या दोन बाटल्या, भोवती खुर्च्या. कबड्डीवाले, रस्सीखेचवाले सगळे येऊन बसले. साहेब आले, कोटाच्या बाह्या मागे सारल्या आणि पांढऱ्या बाजूला बसले. "बैसाणे ना? डोंगरातले? या, बघू काय शिकवलंय गुरांनी."

सगळे हसले. संघपालही हसला, पण मनात म्हणाला, आपण डोंगरात असतो हे साहेबांना कसं माहीत? आपल्यावर नजर आहेच.

डाव सुरू झाला आणि साहेब आलेच अंगावर. संघपालने नेहमीप्रमाणे आधी घर बांधलं, किल्लेकोट करून राजा कोपऱ्यात नेला. साहेबांनी स्वतःच्या राजाकडे बघितलंसुद्धा नाही. कडेचं प्यादं पुढे, घोडा पुढे, आणि मग धाडदिशी उंट उचलून संघपालच्या राजाशेजारचं प्यादं मारलं. "शह!" टेबल हललं. मागून कोणीतरी 'वाऽ साहेब' म्हणालं.

संघपालने उंटाकडे बघितलं. उंटाला जोर नव्हता, म्हणजे मागे राखायला कोणीच नव्हतं. राजाने सरळ खाता येत होता. कसाले उना रे भाऊ? इतके कप घेणारा माणूस उगाच उंट फेकेल? याच्यामागे काहीतरी भयंकर असणार. एरवी तो घाबरून राजा मागे घेऊन बसला असता. पण आज तर हरायचंच होतं! मग घ्यावा. घेतला की सापळ्यात अडकू, थोडं झगडू आणि सुटू. त्याने उंट खाल्ला.

साहेबांनी घोड्याने शह दिला. संघपालचा राजा परत कोपऱ्यात. साहेबांचा वजीर कडेला येऊन उभा राहिला. पुढच्या चालीला मात. आता काही केलं नसतं तरी संपलं असतं, पण नानांनी बजावलं होतं, दहा चालींत हरू नको. म्हणून त्याने आपला उंट मात होणाऱ्या घरावर रोखला. नुसतं दाखवायला, थोडा झगडलो म्हणून. आता साहेब याच्यावर काहीतरी जबरदस्त काढतील, असं धरून तो मान खाली घालून बसला.

साहेबांनी घोडा फेकला. पुन्हा शेजारच्या प्याद्यावर. हाही बिनजोर. संघपालने तोही हत्तीने खाल्ला, त्याच विचाराने, की चला, आता मरण जवळ आलं.

मरण येईना! त्याने पटाच्या चारही बाजू धुंडाळल्या. उजवीकडून बघितलं, डावीकडून बघितलं, साहेबांच्या जागी बसल्यासारखं उलटं बघितलं. कुठून येणार मात? साहेबांनी हत्ती घातला आणि पुन्हा "शह!" म्हणाले, आणि तेव्हा संघपालच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, हे तर ओट्यावरचंच! साहेबही असेच कुठल्यातरी गावच्या ओट्यावर शिकलेले असणार. शह दिला की काहीतरी कमावलं, हे लहानपणी हातात बसलेलं. तिकडे शह दिला की राजाची उडी तरी मोडते. इथे मोडायला उडीच नाही! नुसत्या सोंगट्या जाताहेत. यामागे काही नाही. कधीच नव्हतं. इतकी वर्षं जिल्हाभर ज्याला भीत आले, तो हल्ला पोकळ होता, कारण कोणी बचाव करूनच बघितला नव्हता.

त्याने हत्तीही खाल्ला. आता हल्ल्याला साहेबांकडे वजीर आणि एक घोंगावणारा उंट, बाकी घोडा-हत्ती घरातच अडकलेले. नाना दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसले होते आणि डोळ्यांनी ओरडत होते, अरे हर, मूर्खा, हर!

हरणं अजून शक्य होतं. संघपालला वाट दिसत होती. मागचा हत्ती एक घर पुढे सरकवला की शेवटची ओळ उघडी पडते, साहेबांचा वजीर तिथे उतरतो, मात. कप साहेबांना. आणि आपल्याला कदाचित स्नेहलचा रोजचा संध्याकाळचा चेहरा. त्याने हात उचलला, हत्तीवर नेला.

आणि सहज वर बघितलं. साहेब पटाकडे बघतच नव्हते. ते त्याच्या हाताकडे बघत होते. मग त्यांनी नानांकडे बघितलं, मग मागच्या खुर्च्यांकडे, एकेकाच्या तोंडाकडे. ती नजर संघपालला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. फुकट चहाचा कप समोर आला की तो स्वतः असाच बघायचा. साहेबांच्या कपाळावर घाम होता आणि ओठ किंचित उघडे होते. या मोठ्या आवाजाच्या माणसाला या घडीला भीती वाटत होती, आणि ती हरण्याची नव्हती.

"बैसाणे," साहेब हळू म्हणाले, "खरं खेळताय ना?"

हत्ती सरकवला असता तर साहेबांना कळलं असतं. कळलं असतं म्हणजे मागचं सगळंच कळलं असतं, एकेक कप. त्याला त्या माणसाची दया आली, आणि स्वतःची लाज वाटली. हात हत्तीला न लावताच मागे घेऊन त्याने वजीर धरला आणि साहेबांच्या वजिरासमोर नेऊन ठेवला. बापाची चाल. घ्या वजीर, द्या वजीर.

साहेबांना घ्यावाच लागला. वजीर गेले, आणि पटावर साहेबांच्या हल्ल्याचं असं काही उरलं नाही. त्यांनी आपला राजा आडवा केला.

टाळ्या वाजल्या नाहीत. कोणाच्या बापाची छाती होती! साहेब उठले, खुर्च्यांकडे वळले. "मागच्या वर्षी फायनलला कोण होतं?"

एकजण चाचरत उभा राहिला.

"मी तुम्हाला असाच उंट दिला होता. का नाही घेतला?"

"दिसला नाही, साहेब."

"त्याच्या आधीच्या वर्षी?"

दुसरा उभा राहिला. "मलाही... दिसला नाही."

"जीवराम?"

नाना खुर्ची धरून अर्धवट उठले आणि परत बसले. साहेबांनी आणखी विचारलं नाही. "बैसाणे, आत या," म्हणाले आणि चालू लागले.

आतल्या खोलीत साहेब कपाटावरच्या कपांकडे पाठ करून बसले. संघपाल दारात उभा. आता काय, गडचिरोली? आपलं खातं तिथपर्यंत पाठवू शकतं का, याचा तो मनात हिशेब करत होता.

"मला एक सांगा," साहेब म्हणाले. "मला हरवलं म्हणून मी कधी कोणाचं वाईट केलं?"

संघपालने प्रामाणिकपणे विचार केला. "कोणी हरवलंच नाही, साहेब. त्यामुळे माहीत नाही."

साहेब हसले की काय झालं ते नीट कळलं नाही, पण चेहरा हलला. "मी चिडेन असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. सगळ्यांना माहीत होतं."

"सगळ्यांना." त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता ठेवला. "लहानपणी माझे आजोबा मला असेच जिंकू द्यायचे. नंतर कळलं तेव्हा मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही. आणि आता या वयात..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "तुम्हाला काय हवंय, बैसाणे? काहीतरी हवं असेल म्हणूनच बसलात ना माझ्यासमोर?"

झालं! समोर सोंगटी येऊन पडली, बिनजोर. संघपालने तिच्या मागे बघितलं, पुढे बघितलं. सापळा असेल. मागितलं तर म्हणतील, यासाठीच खेळलास. नाही मागितलं तर पुन्हा डोंगर. मग त्याला बापाची आठवण झाली. दहा वेळा बघून झालं की बाप खायचा.

"धुळ्याजवळ बदली पाहिजे, साहेब. बायको आणि मुलगी इथे असतात."

"मग मागितली का नाही?"

"पहिल्या वर्षी अर्ज केला होता. उत्तर आलं नाही."

"तेव्हा मी इथे नव्हतोच. नंतर?"

"नंतर नाही केला."

"फागण्याला जागा रिकामी आहे, ती तरी मागायची."

"ती तुम्ही तुमच्या माणसासाठी ठेवलीय ना, साहेब?"

"माझा कोण माणूस?" साहेबांचा आवाज पहिल्यांदा चढला. "अहो, दर बैठकीला मी विचारतो, फागण्याला कोण जाणार? सगळे खाली बघतात. मला वाटलं, तिथे काहीतरी भानगड असेल, म्हणून कोणी जात नाही!"

साप साप म्हणून जिल्हाभराने भुई धोपटली होती, आणि साहेबही त्यात एका टोकाला काठी घेऊन उभे होते. साहेबांनी बेल वाजवली, कागद मागवला, संघपालकडून तिथल्या तिथे चार ओळी लिहून घेतल्या आणि त्यावर शेरा मारला. "सोमवारी आदेश निघेल. तिकडचा चार्ज देऊन मोकळे व्हा." मग दाराशी आलेल्या संघपालला म्हणाले, "कप घेऊन जा. तो तुमचा आहे."

बाहेर नाना उभे होते. "काय भो, संपलास का?" संघपालने सांगितलं. नानांनी आधी त्याच्याकडे, मग बंद दाराकडे बघितलं. "एवढंच?" म्हणाले, आणि खांबाला टेकून उभे राहिले. याच खात्यात असलेल्या नानांच्या पोरीनेही दोन वर्षं नंदुरबारकडून असाच अर्ज करायचा टाळला होता, हे संघपालला नंतर कळलं.

शेअर रिक्षातून तो घरी निघाला. मांडीवर कप, खिशात शेरा मारलेल्या कागदाची प्रत. ती त्याने वाटेत तीनदा काढून बघितली, सही खरी आहे का म्हणून. सही खरी होती. मग मात्र त्याला असा आनंद झाला, की त्याने रिक्षावाल्याला न विचारता वर दहा रुपये दिले. रिक्षावाला त्याच्याकडे संशयाने बघत निघून गेला.

घरात सविता कुकरला डाळ लावत होती. स्नेहल आतल्या खोलीत सुपात शेंगा फोडत बसली होती. संघपालने कप ओट्यावर ठेवला. सविताचा चेहरा पडला. "जिकनात? मी काय सांगं व्हतं तुम्हले? गई आते बदली!"

"मिळाली," संघपाल म्हणाला. "फागणं. सोमवारी आदेश."

तिने ओले हात तसेच धरून त्याच्याकडे बघितलं. "कशी काय?"

"साहेबांनी विचारलं, काय हवंय. मी म्हटलं, बदली. त्यांनी दिली."

"मांगी आनि भेटनी?"

"हो."

"इतलंच?"

"इतलंच," तो हसत म्हणाला, आणि मग त्याचं हसू जागच्या जागी राहिलं. सविता हसत नव्हती. तिने कुकरचं झाकण हातात घेतलं होतं, ते लावायचं राहून गेलं होतं.

"मंग इतला वरीस कसामा गयात?" ती म्हणाली.

ती ओरडली असती तर त्याला ठाऊक होतं काय करायचं. मान खाली घालायची, पावसासारखं अंगावर घ्यायचं, ओसरलं की बोलायचं. पण तिने काही फेकलं नाही, काही काढलं नाही, लग्नाआधीचं गावभर हिंडणंसुद्धा काढलं नाही. डोळे मात्र भरून आले होते. एवढी वर्षं कशात गेली? साहेब, अर्ज, नजर, आतलं, यातला एकही शब्द त्याला आता तोंडातून काढता येईना. चूक त्याची होती, आणि ती कोणी दाबली नव्हती की लपवली नव्हती.

सविताने पदराने डोळे पुसले, झाकण लावलं, गॅस पेटवला. मग आतल्या खोलीकडे तोंड करून, जमेल तितक्या साध्या आवाजात म्हणाली, "स्नेहल, पप्पा आते अठेच राहतीन आपलाजोडे."

आतला शेंगा फोडायचा आवाज क्षणभर थांबला.

"कितला दिन?" पोरीने विचारलं.